मांजराच्या पिल्लाचं मिल्क पावडर किट: पावडर मस्त, बाटली बेकार

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका पेट शॉपमधून घेतलं. पावडरचा डबा, छोटीशी बाटली, दोन-तीन निपल आणि बाटली धुवायचा ब्रश. मांजर गच्चीवरून पिल्लं हलवताना एकाला मागेच टाकून गेली, डोळे मिटलेले, नाळ अजून चिकटलेली, किचनच्या काट्यावर ८२ ग्रॅम. धडधाकट पिल्लू जन्मताना १०० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे बघा.

पावडरबद्दल तक्रार नाही. एक माप पावडर, दोन माप कोमट पाणी, नीट घोटलं की गुठळी राहत नाही. शेजारच्या काकू म्हणे एवढे पैसे काऊन घालवून राहिली, गाईचं दूध दे ना. अहो काकू, मांजरीच्या दुधात प्रोटीन आणि फॅट गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते, एवढ्याशा जिवाला हगवण लागली की काही तासांत सुकतं ते. ह्या पावडरने पोट फुगलं नाही, शी बरोबर, आणि वजन रोज आठ-दहा ग्रॅमने वाढून राहिलं आहे.

बाटली मात्र फक्त शोभेची. निपलला भोकच नाही, ते आपणच गरम सुईने पाडायचं, आणि बारीक पडलं तर अशक्त पिल्लाला ओढवत नाही, जरा मोठं झालं की धार लागते, दूध नाकातून येतं, फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया. सरळ मेडिकलमधून १ एमएलची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि थेंब थेंब पाजा. पिल्लू पोटावरच ठेवायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही.

खरा राग माहितीच्या कागदावर आहे. त्यात पहिलीच ओळ, दर दोन-तीन तासांनी दूध पाजा. पण पिल्लू गार पडलेलं असेल तर दूध पाजायचंच नसतं! सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेलं तर डॉक्टरांनी आधी थर्मामीटर लावला. अंग ३५ डिग्रीच्या खाली गेलं की आतडी काम करत नाहीत, दूध तसंच पडून राहतं. म्हणून आधी ऊब, तीही हळूहळू, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येईल. तोवर हिरड्यांना थोडं ग्लुकोजचं पाणी चोळायचं. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा १० च्या आसपास उतरतो, तिथे हे डब्यावर मोठ्या अक्षरात नको?

शी-सूचं पण कागदात काही नाही. ओल्या कोमट कापसाने खालून पुसल्याशिवाय एवढं लहान पिल्लू करतच नाही, प्रत्येक फीडला करावं लागतं, रात्री पण.

पावडरला चार स्टार, बाटलीला एक. ब्रश चांगला आहे, त्याने आता सिरिंजचं झाकण घासते.