डिपस्टिक, पुठ्ठा आणि ९११: अकरा महिन्यांनंतर

सिग्नल सुटला, क्लच सोडला आणि मागच्या आरशात काहीच दिसेना. सगळा निळा धूर. त्या धुरातून एक मोटरसायकलवाला खोकत बाहेर आला, खिडकीशी थांबला आणि म्हणाला, "काका, इंजिन गेलं तुमचं." गाडी घेऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

गाडी म्हणजे पोर्शे ९११ कॅरेरा ३.२, १९८६ची. २३१ अश्वशक्ती, ९१५ नावाचा गिअरबॉक्स; बाकीचे आकडे अशा गाडीबद्दल वाचणाऱ्यांना पाठ असतातच. ती घेण्यासाठी मी दोन गाड्या विकल्या, एक माझदा एमएक्स-५ आणि एक गोल्फ जीटीआय. दोन्ही रोज चालवायच्या, दोन्ही निर्व्यसनी. जीटीआयचं बोनेट मी काच धुण्याचं पाणी भरण्यापुरतंच उघडत असे. माझा हिशोब असा, की दोन विमे, दोन सर्व्हिसिंग आणि टायरचे दोन संच यांच्या जागी एकेकच राहील, आणि हातात अशी वस्तू येईल जिची किंमत दर वर्षी घसरणार नाही. हा हिशोब मी वहीत नीट लिहून बायकोला दाखवला होता. आता ती वही ती मला दाखवते.

तर धूर. "जुन्या गाड्यांचं सगळं आम्हीच करतो" असं सांगणाऱ्या एका गॅरेजमध्ये गाडी कशीबशी नेली. तिथल्या मुख्य माणसाने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं मला बाजूला घेतलं. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, व्हॉल्व्ह गाइड गेलेत, इंजिन उतरवून हेड खोलावी लागतील. कागदावर एक आकडा लिहून दिला. तो सांगत नाही. विकलेली एमएक्स-५ तेवढ्यात परत आली असती एवढं सांगतो.

मी विचारलं, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून बघायची चाचणी, केली का? म्हणाला, धूर दिसतोय की. मी म्हटलं, धूर मलाही दिसतोय, तो पाहायला तुमच्याकडे यायची गरज नव्हती. मग दोघांचेही आवाज चढले. त्याचं म्हणणं, एवढी गाडी घेता येते तर कामाला पैसे सोडवत का नाहीत? अहो, एवढी गाडी घेतली म्हणूनच सोडवत नाहीत. तपासणीचे पैसे भरले, पावती मागून घेतली आणि धूर काढत घरी आलो.

त्या रात्री गाडीचं हँडबुक उघडलं. ते तीन आठवडे आधी उघडायला हवं होतं.

आयुष्यभर ऑइल सकाळी बघितलंय, गाडी थंड आणि बंद असताना. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. या गाडीत सगळं उलटं. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन चालूच ठेवायचं, आणि मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढायची. कारण ड्राय सम्प. ऑइल इंजिनच्या तळाशी साठत नाही. उजव्या मागच्या चाकाच्या मागे एक वेगळी टाकी आहे, आणि पंप इंजिनातलं ऑइल ओढून सतत त्या टाकीत टाकत असतो. गाडी उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं. हे माहीत नसताना मी सवयीने सकाळी, थंड इंजिनवर डिपस्टिक ओढली होती, ती टोकापर्यंत कोरडी. पोटात गोळा आला. धावत जाऊन डबा आणला आणि दीड लिटर ओतलं. जागच्या जागी होतं तेवढं होतंच, त्यात हे दीड लिटर, त्यात ते तापून फुगलं. जास्तीचं ऑइल टाकीच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा सुटायच्या नळीतून, एअर फिल्टरच्या डब्यात आणि तिथून जळायला इंजिनात.

दुसऱ्या दिवशी टाकीचा बोल्ट सैल करून, हात भाजून घेत, मापाच्या भांड्यात ऑइल काढत गेलो. एक लिटर चारशे मिली निघालं. पुढचे दोन दिवस थोडा धूर येत राहिला, मग बंद. सकाळी स्टार्टला एखादी निळी झुळूक अजून येते, पण सिलिंडर आडवे असल्यावर रात्रभरात थोडं ऑइल रिंगांच्या पलीकडे झिरपणारच. त्याला कोणी औषध देऊ नये. काढलेलं ऑइल फेकलं नाही, हे सांगायला नकोच. गाळून बाटलीत भरून ठेवलं आणि महिन्याभराने तेच परत घातलं.

तेव्हापासून मी डिपस्टिकचा माणूस झालोय. डॅशबोर्डवर पाच घड्याळं आहेत, पण माझे डोळे सगळ्यात डावीकडच्या घड्याळावर असतात, जिथे पेट्रोलसोबत ऑइलची पातळी दिसते. तीही इंजिन तापून आयडलिंगला असतानाच खरी मानायची. चालत्या गाडीत आरपीएम वाढले की तो काटा शांतपणे शून्यावर जाऊन झोपतो. पहिल्यांदा झोपला तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केलं होतं. म्हणजे कंपनीने एक काटा दिला, आणि तो बहुतेक वेळ बघायचा नाही असं शिकून घ्यायचं. शेजारी प्रेशरचा काटा आहे, तो मात्र प्रामाणिक. तापलेल्या गाडीत दर हजार आरपीएमला साधारण एक बार दाब, हा जुन्या लोकांचा ठोकताळा माझ्या गाडीला लागू पडतो.

ऑइलवरून आठवलं. १९७२च्या ९११मध्ये ही टाकी चाकाच्या पुढे आणली होती आणि ऑइल भरायचं झाकण बाहेर, उजव्या बाजूच्या पत्र्यावर होतं. पंपावरची माणसं तिथेच पेट्रोल ओतायची अशी गोष्ट सांगतात. पुढच्या वर्षी झाकण गेलं, टाकीही जुन्या जागी गेली. मला त्या पंपावरच्या माणसांबद्दल फार सहानुभूती आहे.

आता गळती. धूर संपला तसा खालचा थेंब दिसायला लागला. मी गाडीखाली पुठ्ठा घातला, आणि रोज सकाळी नव्या थेंबाभोवती पेन्सिलने गोल करून तारीख लिहायला लागलो. मुलगी शाळेत जाताना वाकून बघायची आणि आत ओरडून सांगायची, "बाबा, गाडीने परत शू केली." सरासरी अकरा थेंब. महिनाभर हे केल्यावर एका रविवारी हिशोब मांडला. वीस थेंबांचा एक मिली धरला तर रात्रीला अर्धा मिली, वर्षाला दोनशे मिली. एक पेला. आणि तेच इंजिन दर दीड हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल स्वतः पिऊन टाकत होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. जळालेलं दिसत नाही, सांडलेलं दिसतं.

तरी थेंब सुटेना. त्याला एक खरं कारणही होतं. या गाडीत हीटरची हवा एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते. त्यावर ऑइल टपकलं की थंडीत काच साफ करायला हीटर लावावा आणि आतल्या सगळ्यांनी तळणीच्या वासात बसावं.

पहिल्या गॅरेजचं उत्तर इथेही तेच, इंजिन उतरवा. मग ओळखीतून एक निवृत्त फिटर मिळाले. वयाने वडिलांसारखे, घरच्या शेडमध्येच काम करतात. त्यांनी आधी खालची बाजू डिझेलने धुऊन लख्ख पुसली, मग लहान बाळाची असते तशी पावडर सगळीकडे फुंकली आणि म्हणाले, "वीस किलोमीटर फिरून या साहेब." परत आलो तर पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ, सरळ एका ऑइल रिटर्न ट्यूबच्या टोकापासून निघालेली. या ट्यूब चार असतात, वरचं ऑइल खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य पेटीत, आणणाऱ्या, दोन्ही टोकांना रबरी रिंग. चाळीस वर्षांत ते रबर दगड होतं. मूळची ट्यूब अखंड असते, ती काढायची तर बरंच काही खोलावं लागतं. पण एकात एक सरकणाऱ्या दोन तुकड्यांची ट्यूब मिळते. जुनी कापून काढायची, नवी आखडून आत घालायची आणि ताणून बसवायची. चारही ट्यूब एका दिवसात झाल्या. इंजिन जागचं हललं नाही. पुठ्ठ्यावर आता रात्रीला दोन थेंब. ते कुठून येतात ते या फिटर बाबांनाही कळलंय, पण ते म्हणाले, "तेवढं असू द्या."

टॅपेट सेटिंगही, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, त्यांच्याकडेच केलं. साधारण २४ हजार किलोमीटरला करायचं, इंजिन रात्रभर थंड ठेवून, बारा व्हॉल्व्ह, ०.१ मिमीची फट. सहा व्हॉल्व्ह झाल्यावर पाना आणि फीलर गेज माझ्या हातात दिले. गेजची पट्टी कागदाहून पातळ वाटते, ती स्क्रूच्या पायाखाली सरकवायची तीही खाली वाकून, न बघता. मी नट आवळला की स्क्रू किंचित फिरायचा आणि पट्टी अडकायची. सातव्या वेळी पट्टी निघाली, थोडा विरोध करत, ओल्या बोटाने काच पुसावी तशी. "हां," बाबा म्हणाले, "ही बोटाने लक्षात ठेवा." त्या एका व्हॉल्व्हला चाळीस मिनिटं लागली. उरलेले पाच त्यांनी अर्ध्या तासात केले.

चालवायला कशी आहे हे विचारणारे बरेच असतील. पहिल्या चार महिन्यांत विचारलं असतं तर म्हणालो असतो, माझी एमएक्स-५ परत द्या. ९१५ गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर घ्यायलाच तयार नसतो, आणि जबरदस्ती केली की खरखरतो. पेडल जमिनीतून वर उगवल्यासारखे, त्यामुळे पाय सुरुवातीला भलतीकडेच. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंग करताना खांदे भरून येतात. शंभरचा वेग गाठायला कागदावर ६.१ सेकंद, म्हणजे नव्या जीटीआयइतकेच, आणि जीटीआयमध्ये तेव्हा गाणी ऐकत कॉफीही पिता येते. एसीबद्दल बोलत नाही. तो आहे.

हे मत आता बदललंय, पण सगळं नाही. गिअर घाईने टाकायचा नसतो, मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबायचं असतं, हे हाताला कळलं तसा तो दुसरा गिअर नमला. वजनाचा साठेक टक्के भाग मागे असल्यामुळे वळणाआधी ब्रेक संपवायचा आणि वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय दचकून काढायचा नाही. काढला तर मागचं इंजिन पुढे यायला बघतं. मी एकदा काढला. रस्ता रुंद होता. पण पाय ठेवून वळण घेतलं की मागची चाकं रस्त्यात रुतल्यासारखी धरतात, आणि पुढच्या चाकाखालचा खडा कोणत्या बाजूला होता हे स्टिअरिंगमधून तळव्याला कळतं. असलं काही जीटीआयने मला कधी सांगितलं नव्हतं. आवाजाचं काय सांगू? चार हजारच्या पुढे मागचा पंखा आणि सहा सिलिंडर मिळून जे करतात त्याने माझ्या वहीतला हिशोब बिघडवला.

एमएक्स-५ मात्र अजूनही जास्त मजेशीर गाडी आहे असं मी म्हणेन. पाऊस पडतोय, कामाला जायचंय, ऑइलचा विचार डोक्यात नाही, अशा दिवशी तर नक्कीच. तशा दिवशी मी आता बायकोची गाडी मागतो. दोन विकून एक घेताना हे वहीत नव्हतं.

ज्यांना ही घ्यायची आहे त्यांच्यासाठी: डीएमई रिले (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला वीज देणारा छोटा स्विच) एक जास्तीचा घेऊन गाडीतच ठेवा, तो गेला की पेट्रोल पंप बंद आणि तुम्ही रस्त्यात. १९८४च्या आधीची बघत असाल तर चेन टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारे भाग, बदललेत का ते विचारा, ३.२मध्ये ते ऑइल प्रेशरवर चालणारे आले. १९८७पासूनचा जी५० गिअरबॉक्स सोपा, पण तशा गाडीला लोक जास्त पैसे मागतात, आणि मला मागणाऱ्यांचा राग येतो. ऑइल बदलताना दहा लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे साध्या गाडीच्या दुप्पट, हे आधीच मनाशी मांडून ठेवा.

आणखी एक गैरसोय. ऑइल बघायचं तर इंजिन पूर्ण तापायला हवं, आणि ते गल्लीत उभं करून तापत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी लागते. त्यामुळे दर रविवारी सकाळी मी ऑइल बघायला बाहेर पडतो. "ऑइल बघायला दोन तास?" असं बायको एकदाच म्हणाली.

गेल्या आठवड्यात असंच ऑइल बघून परतताना पंपावर तो पहिल्या गॅरेजवाला भेटला. गाडीभोवती फिरला, सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं, कोरडं निघालं.

"इंजिन कुठे करून घेतलंत?"

"केलंच नाही. दीड लिटर ऑइल जास्त होतं, ते काढलं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण एवढं जास्त घातलं कोणी?"

"आधीच्या मालकाने," मी म्हटलं.