संगीत कंपनीच्या कलाविभागातील उन्हाळी इंटर्नशिप : आठ आठवड्यांनंतरचा अभिप्राय

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत मी अंधेरीतील एका संगीत कंपनीच्या कलाविभागात इंटर्नशिप केली. ही कंपनी मराठी आणि हिंदी गाणी प्रसिद्ध करते, कलाविभागात तीन कायमस्वरूपी डिझायनर आहेत आणि दर उन्हाळ्यात तिथे दोन विद्यार्थ्यांना घेतले जाते. पुढच्या वर्षी अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्यांना जाहिरातीत काय लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात काय वाट्याला येते हे आधीच कळावे, एवढ्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

जाहिरातीत चित्रीकरणाच्या सेटवर जायला मिळेल आणि कलाकारांशी थेट संवाद होईल, असे आश्वासन होते. सेटवर मी आठ आठवड्यांत एकदाच गेले आणि गायकांची भेट फक्त त्यांच्या छायाचित्रांमधून झाली. याचे मला थोडे वाईट वाटले, परंतु त्याची तक्रार करावी असे आज वाटत नाही, कारण डिझाइनच्या विद्यार्थ्याने जे शिकायला हवे ते त्या ऑफिसातल्या खिडकीजवळच्या टेबलावर भरपूर मिळाले.

पहिल्याच दिवशी विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ डिझायनरने, ज्यांना सगळे दादा म्हणतात, कपाटातून एक जुनी एलपी म्हणजे मोठी ध्वनिमुद्रिका, एक कॅसेट आणि एक सीडी काढून टेबलावर ओळीने ठेवली आणि शेवटी स्वतःचा फोन ठेवला. एलपीचे आवरण जवळपास ३१ सेंटिमीटरचे, सीडीची पुस्तिका १२ सेंटिमीटरची, कॅसेटचे कार्ड तळहातात मावणारे आणि फोनवरच्या गाण्यांच्या यादीतला चौकोन अंगठ्याच्या नखाएवढा. ध्वनिमुद्रिका साध्या वेष्टनात विकल्या जात असताना १९३९ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत रुजू झालेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण डिझायनरने आवरणावर चित्र आणण्याची सुरुवात केली, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. पण त्या कलेला मिळालेली जागा कशी आक्रसत गेली हे त्या चार वस्तू शेजारी पाहिल्यावरच मनात उतरले. "कव्हर झाले की फोन हातभर लांब धर आणि नाव वाच. वाचता आले नाही तर ते कव्हर झालेच नाही," असे दादा म्हणाले, आणि पुढचे आठ आठवडे हीच माझी परीक्षा होती.

मे महिन्यात मराठी संगीत कंपन्यांमध्ये आषाढीची गडबड असते. एकादशीच्या आधी अभंगांचे संच प्रसिद्ध व्हायला हवेत, त्यामागून लगेच गणपतीची गाणी रांगेत उभी असतात. मला पहिलेच काम मिळाले ते एका अभंगसंचाच्या मुखपृष्ठाचे, आणि त्यातला 'विठ्ठल' हा एक शब्द मला तीन दिवस पुरला. फोटोशॉपमध्ये शब्द टाइप केल्यावर पहिली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती त्याच्यानंतर जाऊन बसली, 'ठ्ठ' हे जोडाक्षर फुटले आणि मध्ये पाय मोडलेला 'ठ्' दिसू लागला. भारतीय लिप्यांसाठीची अक्षररचना सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये स्वतंत्रपणे निवडावी लागते, ही साधी गोष्ट तीन वर्षे मराठीत पोस्टर करूनही मला कुणी सांगितली नव्हती, कारण कॉलेजात आम्ही अक्षरे हाताने काढून स्कॅन करत असू. ते सुटल्यावर दादांनी 'ल'वर बोट ठेवले. तो उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा 'ल' होता. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये पाकळीचा मराठी 'ल' आणि देठाचा 'श' दडलेला असतो. मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते किंवा अक्षरांच्या तक्त्यातून तो हाताने उचलावा लागतो. राज्य शासनाने २०२२ साली वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात हीच वळणे धरली आहेत. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला विठ्ठलाच्या नावातला 'ल' परका दिसू नये, हा आग्रह मला कोणत्याही नियमापेक्षा अधिक मोलाचा वाटतो आणि तो आग्रह धरणारे वरिष्ठ मिळाले याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. शेवटी मी नखाएवढ्या आकारात 'ठ्ठ' गुदमरू नये म्हणून दोन 'ठ' एकाखाली एक न ठेवता जोडाक्षर आडवे मोकळे केले, शिरोरेषा जाड केली आणि मागचे कळसाचे चित्र जवळजवळ पुसून टाकले.

तांत्रिक शिस्तही इथेच लागली. कव्हरची मूळ फाइल ३००० गुणिले ३००० पिक्सेलची, आरजीबी म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतली, पूर्ण चौरस असावी लागते. तीवर वेबसाइटचा पत्ता, सोशल मीडियाची चिन्हे किंवा किंमत चालत नाही, आणि चित्रावरचे गाण्याचे व गायकाचे नाव गाणे प्रसिद्धीसाठी पाठवताना नोंदणीत भरलेल्या नावाशी जुळावे लागते. माझे दुसरे कव्हर याच कारणाने परत आले: गायिकेच्या आडनावात मी दीर्घ वेलांटी दिली होती आणि नोंदणीत ऱ्हस्व होती. प्रकाशनाची तारीख दोन दिवस पुढे गेली. त्या दिवशी कुणी आवाज चढवला नाही, परंतु त्यानंतर नोंदणीचा तक्ता शेजारी उघडा ठेवल्याशिवाय मी एकही अक्षर लिहिले नाही.

स्पॉटिफायवर गाणे सुरू असताना पडद्यावर फिरत राहणारी तीन ते आठ सेकंदांची उभी दृश्येही मी पाच केली. ती करायला मजा आली, त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवणाऱ्या लिरिकल व्हिडिओंचे मात्र सांगायला हवे. गाण्याचे शब्द ऑफिसात व्हॉट्सअ‍ॅपवर, बहुतेक वेळा रोमन लिपीत येतात, आणि रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' यांत भेद उरत नाही. ते देवनागरीत आणण्याचे काम इंटर्नकडे असते. संतांच्या रचनेतला शब्द अंदाजाने लिहायला माझा हात धजावेना, म्हणून मी तुकोबांच्या गाथेची प्रत घरून नेऊन प्रत्येक ओळ पडताळून घेतली. हे काम मुळात संपादकाचे आहे आणि कंपनीने त्यासाठी जाणता माणूस ठेवायला हवा. मराठी गाणी विकणाऱ्या कंपनीत मराठी शुद्धलेखनाची जबाबदारी आठ आठवड्यांच्या विद्यार्थ्यावर सोडणे मला योग्य वाटत नाही.

आता उणिवा. स्टायपेंड महिना दहा हजार रुपये ठरले होते. पहिल्या महिन्याचे पैसे तीन आठवडे उशिरा आले. मी कल्याणहून येत होते म्हणून निभावले, पण बाहेरगावच्या माझ्या सहकारी मैत्रिणीला भाड्यासाठी घरून पैसे मागवावे लागले. एका भक्तिगीतासाठी इंटरनेटवरून मंदिराचे छायाचित्र उचलून वापरण्यास सांगण्यात आले. मी छायाचित्रकाराची परवानगी आहे का असे विचारले, तेव्हा थोडी शांतता झाली आणि मग दुसरे छायाचित्र विकत घेतले गेले. विचारल्यावर ऐकले गेले, हे मला नोंदवायला हवे.

सर्वांत अधिक लागलेली गोष्ट श्रेयाची आहे. व्हिडिओखालच्या श्रेयनामावलीत गीतकार, संगीतकार, संयोजक, मिक्सिंग आणि मास्टरिंग करणारे यांची नावे असतात, मुखपृष्ठ करणाऱ्याचे नाव नसते, मग तो इंटर्न असो वा दादांसारखा अनुभवी माणूस. माझ्या पत्रात 'सर्व काम कंपनीच्या मालकीचे राहील' एवढेच वाक्य होते. ते कायद्याला धरूनच आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळे ठरलेले नसल्यास, काम देणाऱ्याकडे जाते. परंतु त्याच कायद्याचे कलम ५७ आपण त्या कामाचे कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच ठेवते. मी हे वरिष्ठांसमोर नम्रपणे मांडले. सहा मुखपृष्ठांपैकी दोन गाण्यांखाली माझे नाव आले, दादांचे नाव मात्र अजूनही कुठेच नाही.

एवढे सगळे धरूनही देवनागरी अक्षरांत रस असणाऱ्या विद्यार्थ्याने ही इंटर्नशिप जरूर करावी, असे माझे मत आहे; ज्याला चित्रीकरण किंवा मंचसज्जा शिकायची आहे त्याने दुसरीकडे पाहावे. अर्ज मार्चमध्ये घेतात. पोर्टफोलिओत किमान दोन मराठी अक्षररचना ठेवाव्यात आणि त्या नखाएवढ्या करून पाहिलेल्या असाव्यात. रुजू होण्यापूर्वी स्टायपेंडची तारीख, काम पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी आणि श्रेयनामावलीतील नाव या तिन्ही गोष्टी ईमेलवर लिहून घ्याव्यात. मी तोंडी विचारल्या होत्या, त्यामुळे चार गाण्यांखालच्या नावांसाठी माझा पाठपुरावा अजून सुरू आहे.