नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन दिल्ली की कोलकाता?

डिसेंबरच्या शेवटी शाळांना सुट्टी लागते. मुलांना एखादं मोठं शहर दाखवू म्हटलं की बहुतेक घरांत पहिलं नाव दिल्लीचं निघतं. मुलं दहा वर्षांच्या आतली असतील, तर या आठवड्यासाठी मी कोलकाता सुचवेन. दिल्लीला जरूर न्या, पण वेगळ्या वेळी.

दिल्लीची थंडी स्वेटर-कानटोप्यांनी निभावते, धुकं निभावत नाही. कधी कधी दहा-अकरापर्यंत ऊन पडत नाही, रेल्वे आणि विमानं तासन्‌तास रखडतात आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे फिरायला सहा-सात तास उरले. त्यात हवा इतकी खराब, की दम्याचा त्रास असलेल्या मुलाला घेऊन हिंडूच नये. हिवाळ्यात कोलकात्याची हवाही स्वच्छ नसते, पण दिल्लीइतकी सहसा बिघडत नाही. पहाटे १३-१४ अंश, दुपारी २५ च्या आसपास. एका स्वेटरवर भागतं. सूर्य पाचलाच मावळतो, पण उगवतोही मुंबईच्या जवळपास तासभर आधी. मुलांना लवकर उठवलं की दिवस पुरतो. शिवाय नाताळात पार्क स्ट्रीटवर रोषणाई असते, त्यामुळे संध्याकाळही रिकामी जात नाही.

लहान मुलांना इमारतींपेक्षा वाहनं जास्त आवडतात आणि तिथे कोलकाता फार पुढे आहे. एस्प्लनेडहून हावड्याला मेट्रोने जा. ही गाडी हुगळी नदीच्या तळाखालून जाते; सुमारे ५२० मीटरचा बोगदा पाऊण मिनिटात संपतो, म्हणून मुलांना आधीच सावध करून ठेवा. परतताना हावड्याच्या घाटावरून फेरीबोट घ्या. १९४३ साली सुरू झालेला हावडा पूल पाण्यातून पाहिला की त्याचा आकार कळतो. मधे एकही खांब नाही, हे मुलांनाच शोधू द्या. ट्रामचे मार्ग आता मोजकेच उरलेत. मिळाली तर लगेच चढा. सायन्स सिटीला अख्खा दिवस ठेवा. भारतीय संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, तेवढी पाहून बाहेर पडलात तरी चालेल. अलिपूरचं प्राणिसंग्रहालय १८७६ पासूनचं, पण २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. ते दोन दिवस टाळाच. आणि नोलेन गुडाचा संदेश, ही बंगाली मिठाई, चुकवू नका. खजुराच्या झाडाच्या रसाचा हा गूळ थंडीतच निघतो.

दिल्लीकडे वाहनांच्या बाबतीत एकच तोड आहे: चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. तिथली पटियाला संस्थानाची वाफेची मोनोरेल एकाच रुळावर चालायची आणि तोल सांभाळायला रस्त्यावरून फिरणारं एक मोठं चाक होतं. तिच्यासमोरून मुलं हलत नाहीत. बाकी लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर हे सगळं इतिहास वाचू लागलेल्या मुलांसाठी. पुरातत्त्व खात्याच्या या वास्तूंना १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, ही मोठीच सोय. दिल्लीची मेट्रो सगळीकडे नेते आणि शाकाहारी जेवण शोधावं लागत नाही. म्हणून सहावी-सातवीच्या पुढची मुलं असतील तर दिल्लीच, पण फेब्रुवारीत. १९ तारखेच्या शिवजयंतीला जोडून दोन-तीन दिवस काढता आले तर तेव्हा ऊन कोवळं असतं, धुकं बहुतेक सरलेलं असतं आणि राष्ट्रपती भवनाची फुलबागही साधारण त्याच सुमारास खुली असते. जानेवारीत मात्र २६ तारखेच्या संचलनाच्या तालमींमुळे इंडिया गेटचा परिसर अधूनमधून बंद ठेवतात.

मुंबई-पुण्याहून कोलकात्याचा रेल्वेप्रवास एक दिवसाहून लांबचा आहे. लहान मूल सोबत असेल तर विमानाचं तिकीट लवकर काढा. नागपूरकरांना दोन्ही शहरं रेल्वेने अकराशे किलोमीटरच्या आसपासच, त्यामुळे त्यांनी फक्त मुलांचं वय पाहावं. आणि सोमवार प्रवासासाठी ठेवा: लाल किल्ला, रेल्वे संग्रहालय, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि भारतीय संग्रहालय, चारही त्या दिवशी बंद असतात.