व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जायचंय: थेट प्रोफेसरला मेल टाकायचा की फेलोशिपच्या मागे लागायचं?

परदेशातल्या युनिव्हर्सिटीत काही महिने रिसर्चसाठी जायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे आपणच होस्ट (म्हणजे तिथे आपल्याला बोलावणारा प्रोफेसर) शोधायचा, इन्व्हिटेशन लेटर मिळवायचं आणि सबॅटिकलच्या (अभ्यासरजेच्या) पगारावर किंवा प्रोजेक्टच्या पैशांवर जायचं. दुसरी म्हणजे फुलब्राइट (अमेरिका), हम्बोल्ट (जर्मनी), मारी क्युरी (युरोपियन युनियन) अशी फेलोशिप काढायची आणि मग निघायचं. लोक यात आधी पैसे बघतात, पण माझ्या मते आधी मुक्काम किती दिवसांचा ते बघावं, बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं.

एक गैरसमज आधी काढून टाकू. फेलोशिप मिळाली की होस्ट आपोआप मिळतो असं नाहीये. हम्बोल्टला होस्टचं लेखी कन्फर्मेशन लागतं, मारी क्युरीचं प्रपोजल तर होस्ट संस्थेबरोबरच सबमिट करायचं असतं, म्हणजे मेल टाकायचं काम दोन्हीकडे आहेच. आणि त्या मेलमध्ये "तुमच्या कामाने मी प्रभावित झालोय" टाइप वाक्यं नकोत, असले मेल प्रोफेसरांकडे ढिगाने येतात. त्यांचा कोणता पेपर, त्यातला कोणता मुद्दा अर्धवट राहिलाय, तुमच्याकडे त्यावर कोणता डेटा आहे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत यायचंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे कुठून येणार, हे लिहा. थेट जाणार असाल तर "पगार नको, फक्त बसायला जागा आणि लायब्ररी ॲक्सेस हवा" हे स्पष्ट लिहा, समोरच्याचा अर्धा संकोच तिथेच जातो. सीव्ही दोन पानांत बसवा.

वेळेचं म्हणाल तर थेट मार्ग लवकर होतो, पण वाटतो तितका नाही. प्रोफेसर आठवड्यात हो म्हणेल, पण मग डिपार्टमेंटची मंजुरी, इंटरनॅशनल ऑफिसचे फॉर्म, बँक स्टेटमेंट, व्हिसाची अपॉइंटमेंट असं करत करत महिने जातात. फेलोशिपला मात्र सरळ वर्ष धरून चाला. मारी क्युरीची डेडलाइन साधारण सप्टेंबरात येते आणि रिझल्ट पुढच्या वर्षी, हम्बोल्टच्या निर्णयालाही वेळ लागतोच.

पैशांत फेलोशिप उघडच पुढे आहे. स्टायपेंड, प्रवास, बऱ्याचदा इन्शुरन्स आणि कुटुंबासाठी भत्तासुद्धा. थेट गेलात तर हे सगळं तुमच्या खिशातून, वर काही युनिव्हर्सिटी व्हिजिटरकडूनच बेंच फी (लॅब आणि सोयी वापरण्याचे पैसे) किंवा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी घेतात, ती इन्व्हिटेशन येण्याआधी विचारून घ्या, नंतर विचारलं की अवघडल्यासारखं होतं. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर (एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा) हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा आहे, प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान 1,00,000 डॉलरचं कव्हर लागतं, आणि घरच्यांना जे-२ वर नेलं तर त्यांनाही.

आता खरी मेख व्हिसात आहे. अमेरिकेत थेट जाणाऱ्याला युनिव्हर्सिटी जे-१ व्हिसासाठी लागणारा डीएस-2019 फॉर्म देते, त्यावर कॅटेगरी असते. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' असेल तर जास्तीत जास्त 6 महिने, मुदतवाढ नाही. 'रिसर्च स्कॉलर' असेल तर 5 वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो प्रोग्रॅम संपवून आलात की पुढचे 24 महिने त्याच कॅटेगरीत परत जाता येत नाही. म्हणजे चार महिन्यांसाठी गेलात, ऑफिसने सवयीने रिसर्च स्कॉलर टाकलं, आणि पुढच्या वर्षी मोठी संधी आली तर बसा हात चोळत. फुलब्राइटवर गेलात तर वेगळी अट, परत येऊन दोन वर्षं मायदेशात राहिल्याशिवाय एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड नाही. पुढे तिकडेच नोकरीचा विचार असेल तर हे आधीच पचवून घ्या.

युरोपात मारी क्युरीचा नियम असा की डेडलाइनच्या आधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी थेट जाऊन तिथे दीड वर्ष काढलंत तर नंतर त्याच देशासाठीची ही फेलोशिप गेली. हम्बोल्टचं एक मला फार आवडतं, सीनियर रिसर्चरला 6 ते 18 महिने मिळतात आणि ते तीन टप्प्यांत विभागता येतात, ज्यांना कॉलेज एकदम लांब रजा देत नाही त्यांच्यासाठी हे सोन्यासारखं आहे. पोस्टडॉकला (नुकतीच पीएचडी झालेल्याला) 6 ते 24 महिने.

मोकळीक थेट मार्गात जास्त. विषय मधेच वळवला तरी कोणी जाब विचारत नाही. पण तिथे तुम्ही कोणाचेच नसता हेही आहे, आयडी कार्ड लवकर येत नाही, लॅबच्या मीटिंगला बोलवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. फेलोचं नाव डिपार्टमेंटला माहीत असतं. सीव्हीवरचं वजन तर वेगळं सांगायला नकोच.

मला विचाराल तर सहा महिन्यांच्या आतलं काम आणि चालू पगार असेल तर थेट जा, फेलोशिपसाठी वर्ष घालवू नका. वर्षभर किंवा कुटुंबासकट जायचं असेल तर फेलोशिपच. आणि अमेरिकेत थेट जाणार असाल तर डीएस-2019 तयार व्हायच्या आधीच इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून कॅटेगरी कोणती टाकताय ते लेखी विचारा, होस्टला नको, त्याला बहुधा यातलं काही माहीत नसतं.