‘समजलं ना?’ की ‘करून दाखवता का?’

डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिन पेन शिकवून झाला की शिकाऊ परिचारिकेच्या तोंडून हमखास निघणारा प्रश्न म्हणजे ‘समजलं ना?’ दोन सेकंदांत काम होतं. रुग्ण मान डोलावतो, आपण फाइलमध्ये ‘समजावून सांगितले’ असं लिहून मोकळे. पण ती मान पुष्कळदा संकोचानेच हललेली असते. ‘नाही समजलं’ म्हणायला कुणाला आवडतं?

दुसरी पद्धत टीच-बॅकची, म्हणजे शिकवलेलं रुग्णाकडूनच वदवून किंवा करवून घेण्याची. ‘मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचंय. घरी इंजेक्शन कसं घ्याल, करून दाखवता का?’ असं विचारलं की परीक्षा आपली होते आणि रुग्ण मोकळा होतो. मग खऱ्या चुका दिसतात: बटण दाबल्याबरोबर सुई बाहेर, रोज पोटावर तीच जागा. सुई साधारण १० सेकंद आत ठेवायची, जागा बदलत राहायची, हे तिथल्या तिथे सुधारता येतं. रक्तातली साखर फार उतरल्याच्या खुणांबद्दल ‘घाम फुटला, हात थरथरले तर काय कराल?’ असं विचारावं. यावर ‘जरा पडून राहीन’ असं उत्तर आलं, तर पुन्हा सांगायचं: शुद्धीवर असाल तर लगेच १५ ग्रॅम साखर घ्या, १५ मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासा. नुसत्या होकारातून ही चूक कधीच कळली नसती.

वेळ जास्त जातो, हे खरं. गर्दीच्या पाळीत सगळंच वदवून घेणं जमत नाही. पण इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि ‘तातडीने परत कधी यायचं’ या तिन्हींना मी तरी सूट देत नाही. पुढच्या तपासणीच्या वेळेसाठी ‘समजलं ना?’ आणि हातात एक चिठ्ठी पुरते.