ऑल माय सन्स (आर्थर मिलर) : नाटकाचं पुस्तक घ्यावं का? घ्याच

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो छपाईचा, कारण माझ्याकडची इंग्रजी पेपरबॅक आहे तिचं अक्षर फारच बारीक आहे, चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांना रात्री त्रास होईल, आणि प्रस्तावना आधी वाचू नका, तिच्यात शेवट सांगून टाकलाय. मी पण खाली गोष्ट सांगणार आहे, ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा आणि सरळ ऑर्डर करा. इंग्रजी अवघड नाही, घरात बोलतात तसं साधं आहे.

नाटक 1947 चं, अमेरिकन नाटककार मिलरचं, ब्रॉडवेवर म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर दिग्दर्शक एलिया कझाननी बसवलेलं. जो केलर नावाचा कारखानदार, दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या इंजिनाचे पार्ट बनवायचा. एक दिवस सिलिंडर हेडना तडे गेलेले निघतात, मिलिटरीचा तर तगादा चालू, माल पाठवा माल पाठवा, पार्टनर घाबरून जोला फोन करतो आणि जो म्हणतो तडे बुजव आणि पाठवून दे, जबाबदारी माझी, आणि स्वतः मात्र फ्लू झालाय म्हणून घरीच राहतो. 21 पायलट मरतात. पार्टनर जेलमध्ये सडतो आणि जो अपिलात सुटून येतो, कारण फोनवरचं बोलणं कोर्टात सिद्ध कसं करणार.

हा भाग मी जळगावला आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये मराठीत सांगत सांगत वाचला, तर वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका मधेच म्हणाले, "ते सगळं ठीक आहे भो, पण माल पास केल्याची सही कोणाची होती?" अख्खं नाटक याच प्रश्नावर उभं आहे असं मला वाटतं. सही एकाची, हुकूम दुसऱ्याचा, आणि हुकूम देणारा म्हणतो मी हे सगळं पोरांसाठी केलं, चाळीस वर्षांचा धंदा बुडू कसा देऊ. आपल्याकडे कपाशीचं बोगस बियाणं विकणाराही घरच्यांसाठीच करतो ना, आणि ज्याच्या शेतात ते उगवतच नाही त्यालाही पोरं असतातच.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते आईनं, म्हणजे जोची बायको केट. धाकटा मुलगा लॅरी पायलट, युद्धात बेपत्ता होऊन तीन वर्षं झाली, त्याच्या नावानं लावलेलं सफरचंदाचं झाड वाऱ्यात मोडून पडलंय तरी ही म्हणते तो जिवंत आहे, येईल. पहिल्या अंकात वाटतं बिचारी माय, आशा सोडवत नाही तिला. नंतर हळूहळू कळतं की हिला सगळं माहितीये, आणि तिचं गणित असं की लॅरी मेला असेल तर त्याला बापानंच मारलं असं होईल, म्हणून तो मेलेला असूच शकत नाही. नवऱ्याला वाचवायला ती मुलाला जिवंत ठेवतेय! जोचा बचाव काय तर ते तडे गेलेले पार्ट ज्या पी-40 लढाऊ विमानांत गेले त्यात लॅरी कधी बसलाच नव्हता. म्हणजे आपला पोरगा त्या 21 मध्ये नाही ना, मग झालं. हे वाचताना मला राग आला आणि लगेच हेही वाटलं की आपल्या घरात असं झालं तर किती जण तोंड उघडतील.

मोठा मुलगा ख्रिस, तो तत्त्वाचं बोलतो खूप, पण बापाच्या कारखान्यातूनच पगार घेतो आणि मनात शंका असून कधी खोलात जात नाही. मिलरनी त्यालाही सोडलेलं नाही हे मला फार आवडलं. शेजाऱ्यांनाही सगळं ठाऊक आहे, तरी ते अंगणात येऊन जोबरोबर हसतात खेळतात. मग तिसऱ्या अंकात लॅरीचं जुनं पत्र निघतं, त्यानं पेपरात बापाची बातमी वाचून काय ठरवलं ते त्यात आहे, पुढचं तुम्हीच वाचा.

मूळ गोष्ट खरी घडलेली आहे. ओहायोतल्या एका मुलीनं सदोष पार्ट विकणाऱ्या स्वतःच्या बापाची तक्रार केली होती, ते मिलरला त्याच्या सासूकडून कळलं, त्यानं मुलीचा मुलगा केला. मिलर स्वतःही तेव्हा अडचणीत होता, 1944 ला ब्रॉडवेवर आलेलं त्याचं आधीचं नाटक चार प्रयोगांत बंद पडलेलं.

फ्रँक नावाचा शेजारी पत्रिका मांडत बसतो तो भाग मला जरा लांबल्यासारखा वाटला, बाकी कुठेच पकड सुटत नाही.

राज्य नाट्य स्पर्धेची तयारी करणाऱ्या आपल्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपनी तर जरूर घ्या. एकच सेट, घरामागचं अंगण, दहा पात्रं, त्यात एक लहान मुलगा, आणि गोष्ट एका दिवसात संपते त्यामुळे कपड्यांचा खर्च नाही. फक्त प्रयोगाचे हक्क आधी रीतसर घ्यावे लागतील, मिलर 2005 ला गेला, कॉपीराइट अजून चालू आहे.