डिक्सी डीन की जॉर्ज कॅमसेल, आधी कोणाचं करिअर वाचावं?

दोन महायुद्धांच्या मधलं इंग्लिश फुटबॉल वाचायचंय आणि सुरुवात एकाच स्ट्रायकरपासून, म्हणजे गोल मारणाऱ्या सेंटर फॉरवर्डपासून, करायचीय, तर गाडी शेवटी या दोघांवरच येते. ऑफसाइडचा नियम १९२५ ला बदलला आणि मग गोल धो धो व्हायला लागले हे तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आकड्यांत दोघं खेटून आहेत. कॅमसेलने १९२६-२७ मध्ये मिडल्सब्रोसाठी ३७ मॅचमध्ये ५९ गोल मारले, आणि पुढच्याच सीझनला डीनने एव्हर्टनसाठी ३९ मॅचमध्ये ६०. कॅमसेलचे सेकंड डिव्हिजनमधले, म्हणजे खालच्या पायरीच्या लीगमधले, डीनचे सगळ्यात वरच्या फर्स्टमधले. हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही.

आणि डीनची गोष्ट आहेच तशी. जून १९२६ मध्ये नॉर्थ वेल्सला मोटरसायकलचा अपघात झाला, कवटी आणि जबडा फ्रॅक्चर, पोरगा परत खेळेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. दोन वर्षांत, ५ मे १९२८ ला, आर्सेनलविरुद्ध सीझनच्या शेवटच्या मॅचला त्याला ६० साठी तीन गोल हवे होते आणि त्याने ते मारले, साठावा कॉर्नरवरून हेडर, म्हणजे डोक्याने. १९३० ला एव्हर्टन सेकंड डिव्हिजनमध्ये घसरली, पठ्ठ्या तिथेच राहिला, मग लागोपाठ तीन सीझनमध्ये सेकंड डिव्हिजन, फर्स्ट डिव्हिजन आणि १९३३ चा एफए कप जिंकला. १९८० ला जीव गेला तोही एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर, लिव्हरपूलविरुद्धची मॅच बघताना.

पण मला जे खटकलं ते हेच, की डीनबद्दल काहीही वाचायला घ्या, अर्ध्या वेळेला आख्यायिकाच हाताला लागते. डोक्यात धातूची पट्टी होती म्हणून हेडर तसे जायचे, ही गोष्ट तर इतक्या जणांनी इतक्या तऱ्हेने सांगितलीय की वैताग येतो. खरं काय आणि पबमध्ये रंगवलेलं काय हे निवडण्यातच माझी संध्याकाळ जायची आणि खेळ बाजूलाच राहायचा, तो बॉलवर यायचा कसा, जागा कशी काढायचा, हे शोधायला फार खणावं लागतं. कदाचित तुम्हाला त्या कहाण्यांतच मजा येईल, माझं मात्र तिथेच ठरलं.

कॅमसेलकडे असलं काही चिकटलेलं नाही. डरहॅमच्या कोळसा खाणीतला माणूस, त्या ५९ च्या सीझनच्या पहिल्या काही मॅचना तर टीममध्येही नव्हता, आणि मग ख्रिसमसच्या दिवशी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर टीमचे पाचही गोल एकट्याचे, ५-३.

इंग्लंडसाठीचा हिशोब तर मी कितीदा तरी काढून बघितलाय. मे १९२९ मध्ये फ्रान्सविरुद्ध २, दोनच दिवसांनी ब्रसेल्सला बेल्जियमविरुद्ध ४, मग आयर्लंडविरुद्ध २, वेल्सविरुद्ध ३. चार मॅच, अकरा गोल. आणि त्यानंतर चार वर्षं एकही कॅप नाही, म्हणजे इंग्लंडकडून एकही मॅच नाही! डिसेंबर १९३३ ला परत बोलावलं, फ्रान्सविरुद्ध २. डिसेंबर १९३५ ला लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर जर्मनीविरुद्ध ३-० मधले २, आणि १९३६ ला स्कॉटलंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम, प्रत्येकी १. एकूण ९ मॅच, १८ गोल, एकही मॅच कोरडी गेली नाही. डीनचेही इंग्लंडसाठी १८ च, पण १६ मॅचमध्ये.

अर्थात क्लब ट्रॉफ्या बघितल्या तर डीन कुठच्या कुठे पुढे आहे, कॅमसेलच्या नावावर दोनदा सेकंड डिव्हिजन जिंकण्यापलीकडे फारसं काही नाही, आणि त्याच्यावर मजकूरही कमी मिळतो. ज्याला एका बैठकीत भारावून जायचंय त्याने खुशाल डीन घ्यावा, चूक काहीच नाही. पण त्या काळात सेंटर फॉरवर्ड खेळायचा कसा आणि निवड समिती त्याला वागवायची कशी हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते कॅमसेल आधी, ब्रसेल्सच्या त्या चार गोलांपासून धरा आणि पुढे सरका, डीन नंतर वाचलात तरी काही बिघडत नाही.